खानदेशात घर घेताना एजंट आपल्या बाजूचा हवा: बोलणीपासून फेरफारापर्यंत

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला फ्लॅट, रो-हाऊस किंवा प्लॉट घ्यायला निघालात की पहिली गाठ दलालाशी पडते. तो घर दाखवतो, मालकाशी बैठक लावतो, सौदा पावती लिहून देतो आणि दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी एक ते दोन टक्के घेतो. यात तो वाईट माणूस आहे असे अजिबात नाही. अडचण त्याच्या पैशाच्या वाटेत आहे. सौदा बसला तरच त्याला काही मिळते, आणि भाव चढा बसला तर जास्त मिळते. विकणारा बहुधा त्याच्या जुन्या ओळखीचा, पुन्हा काम देणारा. तुम्ही मात्र आयुष्यात एकदा-दोनदा येणारे. मग गच्ची दर पावसाळ्यात गळते, किंवा मालकाच्या दोन बहिणींनी अजून सही केलेली नाही, हे तो तुम्हाला आपणहून कशाला सांगेल? नव्या स्कीमच्या ऑफिसात बसलेला माणूस तर सरळ बिल्डरचा असतो.

उपाय साधा आहे. मेहनताना फक्त तुमच्याकडून घेणारा आणि तसे लिहून देणारा एजंट नेमा. शहरात ही पद्धत अजून फारशी रुळलेली नाही, पण तिला कायद्याचा आधार पक्का आहे. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तुम्ही ज्याला नेमता त्याने तुम्हाला हिशेब द्यायचा असतो (कलम २१३). त्याने तुमच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःसाठी नफा काढला, तर तो नफा तुम्ही मागू शकता (कलम २१६). ही गोष्ट खानदेशात फार कामाची आहे. कारण शहरालगतच्या प्लॉटमध्ये दलाल स्वतःच शेतकऱ्याला इसार (बयाणा, आगाऊ रक्कम) देऊन ठेवतो आणि तीच सौदा पावती चढ्या भावाने पुढे फिरवतो. तुम्हाला वाटते तो मध्यस्थ आहे. प्रत्यक्षात तोच विकणारा असतो.

पायरी १: एजंटला भेटण्याआधी पैशांची बेरीज

बँक किती देईल याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवलेली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा या किमतीत धरत नाहीत, ती खिशातून.

जळगाव महापालिका हद्दीत ४० लाखांचा जुना, तयार फ्लॅट धरा. कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख, म्हणजे तुमचे ८ लाख. मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह ६ टक्के, २ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटचा १ टक्का, ४० हजार. म्हणजे ११ लाख १० हजार हातात हवेत, आणि वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगरंगोटी वेगळी. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात तेवढ्यातूनच एजंटची फी निघते.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर लागत नाही. आपल्या शहरांत कार्पेट (भिंतींच्या आतले प्रत्यक्ष वापरायचे क्षेत्र) ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर दर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. इथे एक खाच आहे. ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, कोपऱ्याच्या फ्लॅटचे जादा पैसे हे सगळे मोजले जाते. फ्लॅट ४४ लाखांचा आणि पार्किंग २ लाखांचे सांगितले, की किंमत ४६ लाख होते आणि कर ४४ हजारांच्या आसपास राहण्याऐवजी २ लाख ३० हजार होतो. चांगला एजंट पहिल्या बैठकीतच हे बोट ठेवून दाखवतो.

पायरी २: माणूस निवडणे

निदान तिघांना भेटा. नव्या प्रकल्पातले घर विकणाऱ्या किंवा घेऊन देणाऱ्या एजंटला महारेराची (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी बंधनकारक आहे. क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली आहे. क्रमांक व्हिजिटिंग कार्डावर आहे म्हणून समाधान मानू नका. महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव आणि मुदत पाहा. जुन्या घरांच्या व्यवहारात महारेराचे संरक्षण मिळत नाही, तरी नोंदणी असलेला माणूस बरा. त्याला गमावण्यासारखे काही तरी असते.

मग हे प्रश्न विचारा आणि उत्तर देताना तो किती आडवळणे घेतो ते पाहा.

"या घराच्या मालकाकडून तुम्हाला काय मिळणार आहे?"

"गेल्या वर्षात तुम्ही घेणाऱ्याच्या बाजूने केलेल्या दोन-तीन व्यवहारांची सूची क्रमांक २ दाखवाल का?" सूची म्हणजे इंडेक्स-टू, नोंदणी झालेल्या खरेदीचा गोषवारा, ती सार्वजनिक नोंद आहे. त्यामुळे "गुप्तता आहे" हे उत्तर पटत नाही.

"कोणत्या भागात तुम्ही काम घेत नाही?" जळगावात महाबळ, पिंप्राळा, निमखेडी आणि शिरसोली रस्ता, सगळीकडचे भाव एकाच माणसाला पक्के ठाऊक असणे कठीण आहे. धुळ्यात देवपूर-वलवाडीत मुरलेल्या माणसाला साक्री रस्त्याचे बारकावे ठाऊक असतीलच असे नाही. जो म्हणतो "भाऊ, तुम्ही फक्त सांगा, पूर्ण जिल्ह्यात कुठेही करून देऊ," त्याला नीट पारखा.

नात्यातला माणूस एजंट असेल तर मामा, काका म्हणून फी न ठरवता काम सुरू होते आणि शेवटी तो विकणाऱ्याकडून घेतो. नात्यातही फी ठरवा, उलट नात्यात आधी ठरवा.

पायरी ३: करार, दोन पानांचा का होईना

या पायरीला लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि सगळा फरक इथेच पडतो. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर साधा करार करा. त्यात पुढच्या गोष्टी याव्यात.

मुदत तीन महिने. खानदेशातल्या शहरांत बाजारात एका वेळी तुमच्या बजेटची घरे मोजकीच असतात, तीन महिन्यांत ती पाहून होतात. सहा महिन्यांचा करार मागणाऱ्याला घाई नसते. भाग, घराचा प्रकार आणि कमाल बजेट लिहा.

फी टक्क्यांत ठेवण्यापेक्षा ठरीव रक्कम ठेवा. टक्केवारी ठेवली की तुमच्याच माणसाचा फायदा भाव वाढण्यात होतो, आणि तुम्ही ज्यातून सुटायला निघालात त्यातच पुन्हा अडकता. ४० लाखांच्या घराला ४० हजार ठरले तर ते ३८ लाखांत मिळाले तरी ४० हजारच. हवे तर ठरलेल्या अपेक्षित भावाखाली जेवढी बचत होईल तिचा काही हिस्सा बक्षीस म्हणून लिहा. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून की सोडून हेही लिहा.

फीचे हप्ते पाडा. चौथा हिस्सा इसारानंतर, निम्मी खरेदीखताच्या दिवशी, उरलेला चौथा हिस्सा फेरफार (सरकारी दप्तरात मालकाच्या नावाचा बदल) नोंदून घरपट्टी तुमच्या नावावर झाल्यावर. शेवटचा हप्ता राखून ठेवला नाही तर खरेदीनंतर फोन उचलायला माणूस मिळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

मग एक कलम स्पष्ट लिहा: विकणारा, बिल्डर, बँक, वकील, इंटिरिअरवाला यांच्यापैकी कोणाकडून एजंटला काहीही मिळणार असेल तर त्याने ते आधी लेखी सांगायचे, आणि ती रक्कम तुमच्या फीतून वजा होईल. नव्या प्रकल्पात बिल्डर एजंटला कमिशन देतोच. ते लपवायचे कारण नाही. तुमच्या हिशेबात ते दिसले पाहिजे एवढेच.

दाखवलेल्या मालमत्तेत एजंटचा किंवा त्याच्या घरच्यांचा इसार, भागीदारी किंवा हिस्सा नाही, असे निवेदनही घ्या. फिरवलेल्या सौदा पावत्यांना एवढ्या एका ओळीने आळा बसतो.

शेवटचे कलम असे: तुमचे पैसे एजंटच्या खात्यात कधीही जाणार नाहीत. इसार, हप्ता, मुद्रांक शुल्क, सगळे थेट मालकाला किंवा शासनाला.

पायरी ४: घर पाहणे

इथला उन्हाळा घराची खरी परीक्षा घेतो. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास जा. पश्चिमेची भिंत, वरच्या मजल्याचा स्लॅब आणि पंख्याखालची हवा तेव्हाच कळते. सकाळी दहाला दाखवलेल्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात राहता येईल का, हे सकाळी दहाला कळत नाही. हिवाळ्यात घर घेत असाल तर एजंटने शेजाऱ्यांना भेटून उन्हाळ्याची चौकशी करायची, हे त्याच्या कामात धरा.

पाण्याबद्दल चार प्रश्न आहेत: नळाला किती दिवसांआड येते, किती वेळ, जमिनीखालची टाकी किती लिटरची, आणि बोअर उन्हाळ्यात आटते का. चौकीदार आणि घरकामाला येणाऱ्या ताईंची उत्तरे मालकापेक्षा खरी असतात.

भेगा पाहताना जमीन ध्यानात ठेवा. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. गिलाव्यातल्या केसासारख्या रेषा फार घाबरण्यासारख्या नसतात. नाणे आत जाईल अशी, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी तिरपी भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा. रो-हाऊस आणि बंगल्यात हे जास्त आढळते, कारण तिथे पाया स्वस्तात काढण्याची सवय आहे.

टेप घेऊन जा. जाहिरातीतला आकडा बहुधा सुपर बिल्टअपचा असतो, म्हणजे जिना, भिंती, सामायिक जागा धरून. कार्पेटवर ही जादा जागा (लोडिंग) ३५ टक्के धरली असेल तर ११०० चौरस फुटांचा फ्लॅट आतून सुमारे ८१५ चौरस फुटांचा निघतो. ३६०० रुपये दराने किंमत ३९ लाख ६० हजार. कार्पेटवर हाच दर ४८५० च्या पुढे जातो. दोन इमारतींची तुलना करायची तर फक्त कार्पेटवर करा. रेरा कायद्याने नव्या प्रकल्पात कार्पेट सांगणे सक्तीचे आहे.

पांझरा, गिरणा, तापी किंवा एखाद्या नाल्याजवळचे घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते महापालिकेच्या नगररचना विभागातून पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते.

पायरी ५: भाव

मालकाने सांगितलेला भाव आणि दलालाने "चाललेला" म्हणून सांगितलेला भाव, यांतून तुमचा भाव निघत नाही. तुमच्या एजंटने तीन आकडे टेबलावर ठेवायला हवेत. पहिला, त्याच इमारतीतल्या किंवा त्याच सर्व्हे नंबरातल्या गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या खरेद्यांचा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ पाहता येते आणि तिच्यात मोबदला आणि बाजारभाव दोन्ही लिहिलेले असतात. दुसरा, शासनाच्या रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेला दर). तिसरा, बँकेच्या मूल्यांकनकर्त्याचा. नोंदलेला मोबदला काही वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवलेला असतो, म्हणून एकट्या सूचीवर भिस्त ठेवू नये.

या तीन आकड्यांवरून एजंट एक पट्टा काढतो आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करतो: गच्चीचे वॉटरप्रूफिंग, वायरिंग, गंजलेली पाइपलाइन, थकलेला मेंटेनन्स. ही यादी मालकापुढे ठेवून बोलणी केली की भाव उतरतो, कारण बोलणे आकड्यांवर येते. तुम्ही स्वतः बैठकीत बसलात तर घर आवडल्याचे चेहऱ्यावर दिसते. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या एजंटला एकट्याने करू द्या.

सगळ्यांत जास्त चुका मुहूर्ताच्या घाईत होतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दसऱ्याला सौदा झालाच पाहिजे असे ठरवून गेलेल्या माणसाची बोलणीतली ताकद आधीच संपलेली असते, आणि कापूस-केळीचे पैसे हातात आले की बाजारात हीच घाई दिसते. मुहूर्तावर नारळ फोडा, वास्तुशांत करा. इसार कागद पाहून द्या.

"थोडे रोखीत दाखवू, स्टॅम्प वाचेल," असे सुचवले जाईल. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही; दंड तेवढ्याच रकमेचा. मुद्रांक शुल्क तर रेडी रेकनर आणि मोबदला यांत जो जास्त असेल त्यावरच लागते, त्यामुळे फारसे वाचतही नाही. करारातली किंमत रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर फरक तुमच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. आणि रोखीचा भाग बँक कर्जात धरत नाही.

पायरी ६: कागद

एजंट कागद गोळा करतो, वकील ते वाचतो. ही दोन कामे एकाच माणसाला देऊ नका, आणि विकणाऱ्याच्या दलालाने सुचवलेला वकील घेऊ नका. शोध (सर्च) निदान ३० वर्षांचा घ्या. फ्लॅट असो वा प्लॉट, मुळाशी जमीन आहे: सातबारा किंवा सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, सगळे जुने फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र.

खानदेशात ज्या ठिकाणी व्यवहार अडतात त्या जागा ओळखीच्या आहेत.

आदिवासी खातेदाराची जमीन. नंदुरबार जिल्हा, साक्री, शिरपूर, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात हे आधी तपासा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासीला घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्यासाठी शासनाची मान्यता लागते. आजच्या सातबाऱ्यावर दुसरेच नाव असेल तरी जुन्या फेरफारात मूळ खातेदार दिसतो. परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाऊ शकते, आणि तेव्हा घर बांधलेले असले तरी उपयोग नसतो. इथे "बघून घेऊ" म्हणणारा एजंट लगेच सोडा.

भोगवटादार वर्ग-२ आणि कुळाची जमीन. सातबाऱ्यावर भोगवटा वर्ग लिहिलेला असतो; वर्ग-२ म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. वर्ग-२ असेल तर परवानगी किंवा वर्ग-१ केल्याचा आदेश पाहा.

एक-दोन गुंठ्यांचे तुकडे. शेतीच्या सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची सामायिक नावे लावून प्लॉट म्हणून विकलेली जागा. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे आणि त्यात वेळोवेळी बदल होतात. म्हणून "आता सगळे नियमित झाले" असे कोणी म्हणाले, तर त्याच प्लॉटचा नियमितीकरणाचा आदेश मागा. रेखांकन अंतिम मंजूर आहे की तात्पुरते, हेही इथेच कळते. अंतिम नसेल तर रस्ता आणि मोकळी जागा नकाशावर बदलू शकते.

वारस. जुने घर बापाच्या नावावर, विकतो मोठा मुलगा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क आहे. वारस नोंद पूर्ण आहे का, बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, की त्या स्वतः खरेदीखतावर सही करणार आहेत? "ताई काही म्हणणार नाही" यावर ४० लाख लावू नयेत. ताईंना एजंटने खरेदीआधी प्रत्यक्ष भेटून यावे.

बोजा. बँकेचा बोजा सहसा सापडतो, पतसंस्थेचा निसटतो. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना, नोंदणी कार्यालयातली गहाणाची सूचना आणि सरसाई या केंद्रीय तारण नोंदणीतला शोध, तिन्ही पाहा. मालक "कर्ज फेडले" म्हणत असेल तर संस्थेचा नादेय (काही येणे नसल्याचा) दाखला आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार, दोन्ही हवेत.

मुखत्यारपत्रावर विक्री. फक्त मुखत्यारपत्र आणि साठेखतावर (पुढे विक्री करण्याच्या करारावर) मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. सुरतला किंवा परदेशी राहणाऱ्या मालकाच्या वतीने कोणी सही करत असेल तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का आणि मालक हयात आहे का, ते व्हिडिओ कॉलवर का होईना, पाहा.

नव्या प्रकल्पात काम तुलनेने सोपे आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरेही आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा नोंदणी लागते. संकेतस्थळावर मंजूर नकाशा, मुदत, वकिलाचा शोध अहवाल आणि प्रकल्पावरचे कर्ज दिसते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकून देणे एजंटलाच मनाई आहे.

म्हाडाच्या सोडतीतल्या घरासाठी एजंट लागत नाही. खानदेश म्हाडाच्या नाशिक मंडळात येतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही. तिथे "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पायरी ७: इसार आणि साठेखत

कागद वकिलाने पाहिल्याशिवाय इसार नको. मालक थांबत नसेल तर छोटी रक्कम चेकने द्या आणि पावतीवर लिहा: हक्क निर्वेध न निघाल्यास किंवा बँकेने मालमत्तेच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत. हे वाक्य छापील सौदा पावतीत नसते, तुमच्या एजंटने ते घालून घ्यायचे असते. कपाटे, गिझर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर, काय राहणार आणि काय जाणार याची यादी पावतीलाच जोडा. स्थानिक दैनिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या, हरकतीला ७ ते १५ दिवस ठेवा.

बिल्डरकडे नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. त्याहून जास्त घेण्याची त्याला रेरा कायद्याने परवानगीच नाही. ताबा देणारे साठेखत असेल तर पूर्ण मुद्रांक शुल्क तिथेच भरावे लागते, म्हणून पैशांची जुळवाजुळव आधी.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (मालकाच्या पैशांतून आयकर) कापून भरण्याची जबाबदारी तुमची आहे. परदेशस्थ मालकाला हा नियम लागू होत नाही, तिथे वेगळ्या आणि जास्त दराने कपात होते. सीएला विचारूनच पैसे द्या.

पायरी ८: नोंदणीचा दिवस

दस्ताची माहिती ऑनलाइन आधी भरलेली असावी, शुल्क ई-चलनाने. दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार आणि पॅन, मूळ कागद. एजंटने आदल्या दिवशी दस्तातला सर्व्हे नंबर, चतुःसीमा, कार्पेट, पार्किंगचा क्रमांक आणि नावांचे स्पेलिंग मूळ कागदांशी ताडून पाहावे. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी लागली तर नंतर चूक-दुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यासाठी मालकाला पुन्हा बोलवावे लागते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो. शेवटची रक्कम आणि किल्ल्या एकाच बैठकीत.

पायरी ९: खरेदीनंतर

सूची क्रमांक २ घेतली म्हणजे काम झाले असे समजून बरेच जण थांबतात. तलाठी कार्यालयात किंवा सिटी सर्व्हेत फेरफाराची नोंद धरली का, ते आठवड्याभरात पाहा. तलाठ्याची नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. फ्लॅटमध्ये सोसायटीचा भाग दाखला किंवा अपार्टमेंटच्या नोंदीत नाव, महापालिकेत किंवा नगरपरिषदेत घरपट्टी आणि नळपट्टी, महावितरणचे बिल. मागची थकबाकी ताब्याच्या तारखेपर्यंत मालकाकडून चुकती झाल्याची पावती आधीच घेतलेली असली पाहिजे. बिल नावावर करताना थकबाकी निघाली की ती आता तुमच्याकडून मागितली जाते. या सगळ्या पावत्या एजंटने आणून दिल्या की त्याचा राखून ठेवलेला चौथा हिस्सा त्याच दिवशी द्या, त्यात उशीर करू नका.